चांदी व्याली आणि बसली

आमच्या भागात, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठाला, घरं चालतात ती ऊस आणि दूध या दोनच गोष्टींवर. आणि इथं गाय व्याली अन् दुसऱ्या दिवशी उठंना झाली की माणसं ठरलेलंच बोलतात. दृष्ट लागली, गारठली, अशक्तपणा आलाय गूळ-मेथी घाला, नाहीतर सरळ "कंबर गेली, आता काय खरं नाही". रक्तातलं कॅल्शियम खाली गेलंय, म्हणजे दुग्धज्वर (मिल्क फिव्हर) झालाय, हे सांगायला डॉक्टर यावा लागतो आणि तोपर्यंत कधी कधी गायच गेलेली असते. म्हणून आमच्या चांदीचं काय झालं आणि पुढच्या वेताला आम्ही काय केलं ते सगळं लिहिते, लांबेल थोडं, पण ज्यांच्या गोठ्यात जास्त दुधाची गाय आहे त्यांनी वाचाच.

चांदी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दुधाची विदेशी जात) गाय, तेव्हा चौथ्या वेताला होती. तिसऱ्या वेतात भर दुधात दिवसाला २४-२५ लिटर द्यायची, अंगानं चांगली, कधी आजारी नाही. जानेवारीत रात्री व्याली, कालवड झाली, अडली वगैरे काही नाही. वार पडायला मात्र जरा वेळ लागला. सासूबाईंनी कोमट पाण्यानं कास धुतली, चीक काढला, कालवडीला पाजला, उरलेल्याचा खरवस घरात आणि शेजारीपाजारी गेला. सगळं नेहमीसारखं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला पहिल्यांदा वेगळं वाटलं. गव्हाणीपाशी उभी होती पण खात नव्हती, मागचे पाय सारखे बदलत होती, आत्ता या पायावर भार तर आत्ता त्या. खांद्यापाशी आणि बरगड्यांवर कातडी थरथरत होती, माशी बसल्यावर थरथरते तशी नाही, एकसारखी बारीक. दात खात होती. पाणी दाखवायला सोडली तर झोकांड्या गेल्या. संध्याकाळी धारेच्या वेळेला बघते तर खाली बसलेली आणि उठवलं तरी उठंना, मान वळवून तोंड कुशीत खुपसलेलं, मान सरळ केली की परत तिथंच. नाकपुडीवर नेहमी घामाचे थेंब असतात ते नाहीत, नाक कोरडं. कान हातात धरले तर गार, पाय खालपासून गार. सकाळपासून शेण टाकलेलं नव्हतं. थर्मामीटर लावला तर ९९, गाईचं नेहमीचं असतं १०१ च्या पुढं, म्हणजे ताप तर नाहीच, उलट अंग थंड पडत चाललेलं.

आबा म्हणाले सकाळपर्यंत वाट बघू, व्यालेल्या गाई बसतातच एखादा दिवस. शेजारचे काका गोडेतेल आणि गुळाचं पाणी बाटलीत भरून घेऊनच आले पाजायला, त्यांचा जीव आमच्या जनावरांवर, त्यात शंका नाही. पण मी आधी डॉक्टरांना फोन लावला, आमचे हे डेअरीत दूध घालायला गेले होते. डॉक्टरांनी फोनवर चार-पाच प्रश्न विचारले, कधी व्याली, कितवं वेत, कान गार आहेत का, शेण टाकलं का, मान कुशीत आहे का. आणि म्हणाले, "वहिनी, मी निघतोय, तोपर्यंत दोन गोष्टी करा. तोंडावाटे थेंबभरसुद्धा काही पाजू नका, आणि तिला एका कुशीवर आडवी पडू देऊ नका, दोन्ही बाजूंनी पोती लावून छातीवर बसलेली ठेवा."

हे दोन्ही का ते नंतर कळलं. या आजारात गिळायच्या स्नायूंतसुद्धा ताकद राहत नाही, त्यामुळं पाजलेलं पोटात जायच्या ऐवजी फुफ्फुसात जातं आणि गाय कॅल्शियमनं उठली तरी मागून न्यूमोनियानं जाते. आणि आडवी पडली की पोटातला गॅस ढेकरावाटे निघत नाही, पोट फुगतं, पोटातलं घशात येतं. काकांना मी हात जोडून सांगितलं, काका आज नको. ऐकलं त्यांनी. मग त्यांनीच भुश्याची पोती ओढून आणली आणि डॉक्टर येईपर्यंत चांदीच्या पाठीशी टेकून बसले.

डॉक्टर तालुक्याहून आले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. टॉर्च डोळ्यावर मारला तर बाहुली मोठीच्या मोठी, आकसलीच नाही. कास बघितली, दगडी (कास सुजायचा आजार) नाही ना म्हणून चारही सड पिळून बघितले. हृदयाचे ठोके ऐकताना बराच वेळ कान लावून बसले, म्हणाले जलद आहेत पण फार दबलेले येताहेत. आधी रक्ताचं सॅम्पल घेतलं, कारण एकदा कॅल्शियम दिलं की मग रिपोर्टला काही अर्थ राहत नाही. मला बादलीत गरम पाणी आणायला सांगून कॅल्शियमच्या बाटल्या त्यात ठेवल्या, थंडीची रात्र होती, गार औषध शिरेत सोडायचं नाही म्हणून.

मानेच्या शिरेत सुई घातली आणि ४५० मिलीची बाटली लावली, कॅल्शियम बोरोग्लुकोनेट, त्यात मॅग्नेशियमपण असतं. बाटली माझ्या हातात दिली, "वर उचलू नका, आहे तिथंच धरा, मला हळू जायला पाहिजे." एका हातानं स्टेथोस्कोप छातीला आणि दुसऱ्या हातात नळी, असे ते पूर्ण वेळ बसले होते. मध्येच ठोका चुकला म्हणून नळी चिमटीत दाबून थांबवली, थोडं थांबून परत सोडली. एक बाटली जायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. हृदय पण स्नायूच, त्याला कॅल्शियम लागतं तसं एकदम जास्त झालं तर ते बंदसुद्धा पडतं. आमच्या जवळच्या एका वस्तीवर सलाईन चालू असतानाच गाय गेल्याचं मला माहिती आहे, पाच मिनिटांत बाटली रिकामी केली होती. म्हणून कॅल्शियमची बाटली दुकानातून आणून स्वतःच टोचणारे लोक बघितले की माझ्या पोटात गोळा येतो, खरंच सांगते, हे घरी करायचं काम नाही.

अर्धी बाटली गेली असेल आणि चांदीच्या मागच्या मांड्या थरथरायला लागल्या. मी घाबरले, डॉक्टर म्हणाले हे चांगलं लक्षण आहे, स्नायू जागे होताहेत. मग मोठा ढेकर दिला. मग नाकपुडीवर बारीक थेंब दिसायला लागले. आणि बाटली संपता संपता शेण टाकलं, घट्ट, वर चिकट पडदा असलेलं, पण टाकलं. घरात इतका आनंद शेण बघून कधी झाला नव्हता, सासूबाईंनी तिथंच देवाला हात जोडले. दुसरी बाटली कातडीखाली दिली, खांद्याच्या मागं थोडी थोडी तीन-चार ठिकाणी, आणि जागा चोळायला सांगितली, म्हणजे ते कॅल्शियम सावकाश रक्तात उतरत राहतं.

उठायचा पहिला प्रयत्न केला तर कोब्यावर मागचे पाय घसरले. डॉक्टरांनी लगेच थांबवलं, आम्ही खाली माती आणि त्यावर उसाचं पाचट जाड पसरलं. शेपूट पिरगाळून, काठीनं ढोसून उठवायचं नाही असं सगळ्यांना बजावलं, ती उठत नाही कारण पायात ताकद पोचत नाहीये, मारून ताकद येणार आहे का. तास-सव्वा तासानं ती स्वतः उठली, डुलत डुलत, पण चार पायांवर उभी.

रिपोर्ट नंतर आला, कॅल्शियम ४.८. गाईच्या रक्तात १०० मिलीला साधारण ८.५ ते १० मिलीग्रॅम पाहिजे, साडेपाचच्या आसपास आलं की गाई बसायला लागतात.

आता हे झालं कशामुळं, यावर मी डॉक्टरांना एवढे प्रश्न विचारले की ते म्हणाले वहिनी तुम्ही शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजलाच जायला पाहिजे होतं. त्यांनी सांगितलेला हिशोब असा. एक लिटर चिकात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, साध्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट. दहा लिटर चीक काढला तर वीस ग्रॅमच्या वर गेलं. आणि गाईच्या सगळ्या रक्तद्रवात मिळून एका वेळी कॅल्शियम असतं किती, तर ३ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे रक्तात आहे त्याच्या कितीतरी पट एका दिवसात कासेतून बाहेर. मग गाय जगते कशी, तर हाडांत सहा-सात किलोच्या पुढं साठा असतो आणि चाऱ्यातून आतड्यावाटे येत असतं, तिथून रक्तात भर पडत राहते. ती भर घालायचा हुकूम देते मानेतली एक छोटी ग्रंथी, पॅराथायरॉइड, आणि किडनीत कामाच्या रूपात तयार होणारं ड जीवनसत्त्व. पण ही यंत्रणा जोरात चालू व्हायला दोन-तीन दिवस लागतात. तिजोरी भरलेली आहे पण किल्लीवाला झोपलाय, असं डॉक्टर म्हणाले. पहिलारू कालवडीत हा आजार जवळजवळ दिसत नाही, तिसऱ्या वेतापासून वाढत जातो, कारण वय वाढलं की हाडातून कॅल्शियम सुटायचा वेग कमी होतो आणि दूध मात्र वाढलेलं असतं. जर्सीत तर अजून जास्त. म्हशींनासुद्धा होतो.

आणि कॅल्शियम कमी झालं की पायातली ताकद का जाते? मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचवायला कॅल्शियम लागतं, ते नसलं की निरोप मध्येच थांबतो, स्नायू ढिला पडतो. मला यात एक गोष्ट फार विचित्र वाटली होती. माझ्या नणंदेचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं तेव्हा तिचंपण कॅल्शियम खाली गेलं होतं, पण तिला ओठाभोवती मुंग्या आल्या, हाताची बोटं आखडून वाकडी झाली, म्हणजे स्नायू ढिले नाही उलट ताठ. डॉक्टर म्हणाले बरोबर आहे, माणसात बहुतेक वेळा तसंच होतं, मज्जातंतू जास्त चिडखोर होतात आणि स्नायू आखडतात. गाईतसुद्धा अगदी सुरुवातीला ती थरथर आणि दात खाणं दिसतं, ते तेच. पण गाईत पुढं जाऊन निरोपच बंद होतो. तेवढ्या थरथरीच्या वेळेला ओळखलं तर गाय बसायच्या आधीच वाचते, म्हणून ते दुपारचं थरथरणं मी एवढं सविस्तर लिहिलंय.

फक्त पायाचेच स्नायू नाहीत हेपण लक्षात घ्या. गर्भपिशवीचे स्नायू ढिले पडले की वार अडकते, मायांग म्हणजे गर्भपिशवीचा भाग बाहेर येतो. पोटाची हालचाल मंदावते म्हणून खात नाही. धार काढल्यावर सडाचं तोंड आवळून बंद व्हायला पाहिजे ते नीट होत नाही आणि गाय बसलेली शेणामुतात, मग दगडी होते. चांदीला त्याच आठवड्यात एका सडाला झालीच. कितीतरी गाई बसत नाहीत, उभ्याच असतात, पण कॅल्शियम ८ च्या खाली असतं आणि हे बाकीचं सगळं होतं, आपण प्रत्येक आजाराचा वेगळा खर्च करत बसतो.

डॉक्टर जाताना सांगून गेले होते की चारातल्या एखाद्या गाईला परत होतं, दोन दिवस नजर ठेवा, चीक-दूध सगळं निपटून काढू नका, कालवडीपुरतं आणि कास हलकी होण्यापुरतं काढा. आणि झालंच, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत कान गार, परत बसली. यावेळी लगेच फोन, लगेच बाटली. पण यावेळी उठायला फार वेळ घेतला आणि ती रात्र अवघड गेली. एवढं पाच-साडेपाचशे किलोचं अंग एकाच पायावर तासन् तास बसलं की खालचा पाय दबून त्याचे स्नायू मरायला लागतात, मग कॅल्शियम कितीही भरलं तरी गाय उठत नाही, बरेच लोक जे कंबर गेली म्हणतात त्यातल्या कितीतरी गाई अशाच असतात. म्हणून दर दोन-तीन तासांनी आम्ही चौघं मिळून तिला या कुशीवरून त्या कुशीवर करत होतो, खाली पाचटाचा थर, मागचे दोन्ही पाय फाकू नयेत म्हणून मऊ दोरानं अंतर ठेवून बांधलेले. पहाटे उठली. त्यानंतर मात्र बसली नाही, पण त्या वेतात दूध आधीच्या मापाला पोचलंच नाही.

आबांनी तेव्हा एक आठवण सांगितली, त्यांच्या लहानपणी गावात कुणीतरी अशा बसलेल्या गाईच्या सडातून पंपानं कासेत हवा भरली होती आणि गाय उठली होती. मला ते खोटंच वाटलं. डॉक्टर म्हणाले अगदी खरं आहे. १८९७ साली डेन्मार्कमध्ये श्मिट नावाच्या पशुवैद्यानं कासेत औषधाचं पाणी भरून अशा गाई वाचवल्या, मग लोकांच्या लक्षात आलं की नुसती हवा भरली तरी चालतं, कारण कास फुगली की दूध तयार व्हायचं थांबतं आणि कॅल्शियम बाहेर जायचं थांबतं. पण हे कारण कुणाला माहितीच नव्हतं, ते १९२५ ला स्कॉटलंडमध्ये ड्रायर आणि ग्रेग यांनी मांडलं. आता हवा कुणी भरू नका, दगडी व्हायची भीती असते, पण कारण न कळता इलाज सापडला होता हे मला फार भारी वाटलं.

आता खरा मुद्दा, पुढच्या वेताचा. मला वाटलं होतं डॉक्टर म्हणतील गाभण असताना कॅल्शियमचे कॅन पाजा. आमच्याकडं सगळे तेच करतात, शेवटच्या महिन्यात रोज शंभर मिली, दुकानदारपण तेच सांगतो. डॉक्टर म्हणाले नेमकं तेच करायचं नाही. शेवटच्या तीन आठवड्यांत आयतं भरपूर कॅल्शियम मिळालं की ती ग्रंथी झोपूनच राहते आणि व्याल्यावर एकदम गरज पडली की जागी होत नाही. दुसरं म्हणजे आपला घास, लसूणघास. दुधाच्या गाईला उत्तम, पण त्यात कॅल्शियम जास्त आणि पोटॅशियमसुद्धा जास्त. पोटॅशियमनं रक्त अल्कलीकडं झुकतं आणि मग त्या ग्रंथीनं हुकूम सोडला तरी हाडं आणि किडनी तो ऐकत नाहीत. आणि तिसरं आमचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. कारखाना चालू असला की नोव्हेंबरपासून सगळ्यांच्या गव्हाणीत उसाचं वाढंच, स्वस्त पडतं, पण त्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला बांधून शेणावाटे घेऊन जातं, महिनोन् महिने तेच खाल्लं तर साठाच कमी होत जातो.

पाचव्या वेताला चांदी आटवली, म्हणजे व्यायच्या आधी तिचं दूध काढणं बंद केलं, तेव्हाच तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली. शेवटचे एकवीस दिवस घास बंद, वाढं बंद, मक्याचा मूरघास (हवाबंद करून मुरवलेला चारा) आणि ज्वारीचा कडबा. नेहमीचं कॅल्शियमवालं मिनरल मिक्स्चर बंद आणि डॉक्टरांनी दिलेलं ॲनायोनिक मिक्स्चर चालू, त्यात मॅग्नेशियम सल्फेट, अमोनियम क्लोराइड असले क्षार असतात, ते रक्त जरासं आम्लाकडं नेतात. चवीला कडू जहर, पहिल्या दिवशी तिनं तोंड फिरवलं, मग भिजवलेल्या सरकी पेंडीत थोडा गूळ कालवून दोन वेळेला विभागून दिलं. काम करतंय का ते कळायला लघवी तपासायची, सकाळी गाय उठली की मुततेच, भांडं घेऊन मागं उभं राहायचं आणि पीएचची, म्हणजे आम्ल-अल्कली दाखवणारी, पट्टी बुडवायची. सुरुवातीला ८ च्या वर होता, मग उतरत साडेसहाला आला. एचएफला ६.२ ते ६.८ मध्ये पाहिजे. त्याच्या फार खाली गेला तर मिक्स्चर कमी करायचं, नाहीतर गाय खाणंच सोडते. हे दुधाच्या गाईंना आणि कालवडींना द्यायचं नाही, आणि व्याली की त्या दिवसापासून बंद.

व्याली तेव्हा उभी होती, गिळत होती, तेव्हाच कॅल्शियमची जेल तोंडातून दिली, बारा तासांनी परत एकदा. बसलेल्या गाईला ही जेलपण द्यायची नाही. चीक कालवडीला पोटभर, पण पहिला दिवस कास पूर्ण रिकामी केली नाही, सासूबाईंना ते पटायला वेळ लागला, खरवस कमी झाला ना. दर दोन तासांनी कान धरून बघत होते. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, ८.२. वार वेळेत पडली, दगडी नाही, बसली नाही, आणि या वेतात दूध परत २४ ला गेलं. मिक्स्चर, पट्ट्या, जेल सगळं मिळून जो खर्च आला तो मागच्या वेळच्या एका रात्रीच्या खर्चापेक्षाही कमी होता, त्यात बुडालेलं दूध धरलेलंच नाही.

ज्यांच्याकडं जवळ डॉक्टर नाही त्यांनी १९६२ हा नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय गाडीचा आहे, टोल फ्री. फोनवर सांगताना कधी व्याली, कितवं वेत आणि कान गार आहेत का एवढं आधी सांगा, म्हणजे समोरच्याला लगेच अंदाज येतो.

सध्या आमच्याकडं चांदीचीच एक मुलगी, त्या जानेवारीतली कालवड, पहिल्या वेताला दुधात आहे, तिची काळजी नाही. पण तिसऱ्या वेताची एक गाभण जर्सी आटवलेली आहे, तिचे व्यायच्या आधीचे शेवटचे दोन आठवडे चालू आहेत आणि पट्टी काही ७.५ च्या खाली येत नाहीये. मला संशय मूरघासाबरोबर घातलेल्या हिरव्या चाऱ्याचा आहे. उद्या डॉक्टर दुसऱ्या गोठ्यावर येणार आहेत तेव्हा त्यांना दाखवून आधी चारा बदलायचा का मिक्स्चर थोडं वाढवायचं ते ठरवणार आहे.